पाणलोटाचे काम आणि गावापुढील निवेदन

नवा बांध पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत रेखीव दिसतो. पुढे सांडव्याचे दगड ढळतात, घुशींची बिळे पडतात, कोणी औत वळविण्याच्या सोयीसाठी बांधाची बाजू कोरतो, आणि एखाद्या जोराच्या पावसात तो फुटतो. दोष पावसाला दिला जातो. परंतु ज्या गावी असे वारंवार घडते, तेथे चौकशी केली असता बहुधा असे आढळते की, काम पाहणारी समिती आणि गावकरी यांच्यामधील बोलणे त्यापूर्वीच थांबलेले असते. समितीने काय केले, किती खर्चिले व पुढे काय करावयाचे आहे, हे गावाला ठाऊक नसते. जे काम आपले वाटत नाही, त्याच्या फुटक्या सांडव्यात कोणी दगड बसवीत नाही.

गावचे गायरान, ओढा, नाला आणि जमिनीखालील पाणी ही सर्वांची सामाईक मालमत्ता होय. तिची देखभाल मात्र पाच-दहा माणसांच्या समितीकडे असते. अशा समितीने आपले काम व आपली योजना सभासदांपुढे, म्हणजेच गावकऱ्यांपुढे, वेळोवेळी मांडणे हा शिष्टाचाराचा भाग समजला जातो. वास्तविक तो देखभालीचाच एक भाग आहे. त्याची आवश्यकता कशी आहे व ते काम कोणत्या रीतीने करावे, याचा विचार येथे केला आहे.

कडवंचीचा अनुभव

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकासाच्या कामासाठी महाराष्ट्रात सुपरिचित आहे. येथील पाणलोट क्षेत्र १,८८८ हेक्टर इतके आहे. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, नाबार्डच्या साह्याने, १९९६ च्या सुमारास तेथे कामास आरंभ झाला. मराठवाडा शेती साह्य मंडळ ही संस्था व तिचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांनी ते काम चालविले. संस्थेचे विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन आणि केंद्रातील कृषी अभियंता पंडित वासरे यांचे तांत्रिक साह्य या कामास लाभले. डोंगरमाथ्यावर समतल चर, शेतांत बांधबंदिस्ती, ओढ्यानाल्यांवर बांध अशा क्रमाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्यात आले.

या कार्यक्रमाचे नियम ध्यानात घेण्यासारखे आहेत. काम सुरू होण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवावयाची असे. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी मान्य करावी लागे. पाणलोट समितीची निवड ग्रामसभेत होई. प्रत्येक शेतात कोणते काम करावयाचे, हे कचेरीत बसून ठरवीत नसत. गट नंबरप्रमाणे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, शक्यतो नवरा-बायको दोघांनाही बरोबर घेऊन, जमिनीचा उतार व मातीची खोली पाहून काम ठरे आणि त्यास शेतकऱ्याची लेखी संमती घेतली जाई. मजुरीचा काही हिस्सा श्रमदानाच्या रूपाने द्यावयाचा असे. भूमिहीन कुटुंबांना व ज्या घरी स्त्री एकटीच कर्ती आहे अशा कुटुंबांना त्यातून सूट होती. पुढील देखभालीसाठी वेगळा निधी राखण्याचीही तरतूद होती.

या सर्व नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. ज्याच्या शेतातून चर जाणार, ज्याची शेळी गायरानावर चरते आणि ज्याची विहीर नाल्याच्या काठी आहे, त्या प्रत्येकास काम सुरू होण्यापूर्वी सारे ठाऊक असले पाहिजे. संमती घ्यावयाची तर आधी समजावून सांगावे लागते. कडवंचीचे काम २००२ पर्यंत पूर्ण झाले. पुढे तेथे द्राक्षांचे मांडव उभे राहिले, शेततळी झाली. २०१२ साली पावसाने मोठी ओढ दिली आणि जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. त्या वर्षी कडवंचीच्या द्राक्षबागा शेततळ्यांच्या पाण्यावर तगून राहिल्या.

कृषी विज्ञान केंद्राची आणखी एक प्रथा अनुकरणीय आहे. खरपुडी येथे दर महिन्याच्या ५ तारखेस शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते. तारीख ठरलेली असल्यामुळे निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. गावच्या समितीनेही आपल्या बैठकीसाठी अशीच एक न चुकणारी तारीख ठरविल्यास निम्मे काम साधते.

हिरवळीचे एक उदाहरण

सामाईक जमिनीची देखभाल करणाऱ्याला सभासदांशी बोलावे लागते, हा अनुभव केवळ खेड्यापुरता नाही. गोल्फ नावाचा खेळ मोठ्या हिरवळीवर खेळला जातो. ज्या जागी चेंडू खळीत टाकावयाचा, तेथील गवत सुमारे तीन-चार मिलिमीटर इतके आखूड कापलेले असते. सततच्या पावलांखाली ती जमीन घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही व गवत पिवळे पडू लागते. तेव्हा मैदानाचा व्यवस्थापक यंत्राने त्या जागी हजारो लहान छिद्रे पाडतो व त्यांत वाळू भरतो. पुढील दोन-तीन आठवडे ती जागा ओबडधोबड दिसते आणि खेळणारे सभासद नाराज होतात. चांगली हिरवळ बिघडविली, असे त्यांना वाटते.

म्हणून जाणते व्यवस्थापक छिद्रे पाडण्यापूर्वीच सभासदांना तारीख, कारण आणि जागा पूर्ववत होण्यास लागणारा काळ कळवितात. काही ठिकाणी जमिनीचा उभा काप काढून आखूड मुळे व खोल मुळे यांतील फरक सभासदांना प्रत्यक्ष दाखवितात. मूळ डोळ्यांनी पाहिलेला सभासद तक्रार करीत नाही. अमेरिकेत अशा मैदानांना शास्त्रीय सल्ला देण्यासाठी १९२० साली तेथील गोल्फ संघटनेने स्वतंत्र विभागच स्थापन केला.

गायरान तीन वर्षे चराईस बंद ठेवणे हेदेखील याच जातीचे काम आहे. आज तोटा दिसतो, लाभ मागाहून येतो. मधल्या काळात माणसाने धीर धरावा असे वाटत असेल, तर त्याला कारण व मुदत ही दोन्ही आधी सांगितली पाहिजेत. गोल्फच्या सभासदाचा खेळ तेवढा चुकतो. शेळ्यांवर पोट असलेल्या कुटुंबाचा मात्र चाराच बंद होतो, हा फरक समितीने कधीही विसरू नये.

गावापुढे काय मांडावे

पुष्कळ समित्या झालेल्या कामांची यादी वाचून दाखवितात आणि तेवढ्यावर निवेदन संपले असे मानतात. यादीने कोणाचेच समाधान होत नाही. निवेदनात पुढील चार गोष्टी असाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे झालेले काम. ते गट नंबरासह सांगावे. अमुक मीटर बांध झाला असे म्हणण्यापेक्षा कोणाच्या शेतात झाला ते सांगावे. ज्याला शंका असेल तो शेतावर जाऊन मोजू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. आलेली रक्कम, दिलेली मजुरी, साहित्याचा खर्च आणि बँकेतील शिल्लक एवढे चार आकडे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावेत. हजेरीपट व पावत्या मागेल त्यास पाहावयास मिळाव्यात.

तिसरी गोष्ट म्हणजे जे जमले नाही ते. कोणता बांध फुटला, कोणती रोपे मेली, कोणत्या विहिरीला पाणी वाढले नाही, हे समितीने स्वतः सांगावे. गावाला ते बहुधा आधीच माहीत असते. समितीच्या तोंडून ऐकले म्हणजे समितीच्या इतर बोलण्यावरही विश्वास बसतो.

चौथी गोष्ट म्हणजे पुढील वर्षाची योजना. ती ठरून गेल्यावर सांगू नये. बदलता येईल अशा अवस्थेत असतानाच मांडावी. म्हातारे शेतकरी पावसात ओढा कोठून वळतो हे अभियंत्यापेक्षा अधिक अचूक सांगतात, आणि ते ऐकण्याची वेळ काम सुरू होण्यापूर्वीची असते.

पाण्याचा ताळेबंद

वरील चारही गोष्टींहून महत्त्वाचा हिशेब पाण्याचा आहे. तो अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर, अर्थात १० घनमीटर पाणी पडते. कडवंचीएवढ्या, म्हणजे १,८८८ हेक्टरांच्या पाणलोटात वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरल्यास एकूण सुमारे १ कोटी १३ लाख घनमीटर पाणी मिळते. हा आकडा ऐकून पाण्याची चिंताच नको असे वाटेल. परंतु त्यातील मोठा भाग मातीत ओल म्हणून राहून पिकांवाटे व उन्हाने उडून जातो आणि काही ओढ्याने वाहून जातो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत. तेथवर पावसाचा साधारण दहावा भाग पोहोचला असे उदाहरणादाखल धरू. म्हणजे हाती येतात ते सुमारे ११ लाख ३० हजार घनमीटर.

आता खर्चाची बाजू पाहावी. तीन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षास सुमारे ६०,००० घनमीटर पाणी लागते. एक हजार मोठ्या जनावरांना रोज ६० लिटरप्रमाणे सुमारे २२,००० घनमीटर लागते. हे दोन्ही वजा जाता साधारण साडेदहा लाख घनमीटर उरते. ज्या पिकास हंगामात ५०० मिलिमीटर पाणी द्यावे लागते, त्याला हेक्टरी ५,००० घनमीटर लागतात. म्हणजे २१० हेक्टरांवरील पिकाचीच सोय झाली. तेच पीक ठिबकने निम्म्या पाण्यात आणले तर क्षेत्र दुप्पट होते. नालाबांधांमुळे अधिक पाणी मुरले तर त्यात आणखी भर पडते. परंतु मर्यादा ही राहतेच.

हा ताळेबंद चावडीवर मांडला म्हणजे पुढील प्रश्न गाव आपण होऊन विचारू लागते: हे पाणी कोणी किती घ्यावयाचे? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेने हाच प्रश्न हाती घेतला. तेथे पाऊस व विहिरींची पातळी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. उसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकांना आणि शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास गावाने मनाई केली. २०२० पासून राबविण्यात आलेल्या अटल भूजल योजनेतही निवडलेल्या ग्रामपंचायतींनी जलअंदाजपत्रक तयार करणे अपेक्षित होते. मात्र कागदावर तयार होऊन दप्तरात राहिलेल्या ताळेबंदाचा उपयोग नाही. तो बोलून दाखविला, त्यावर वाद झाला आणि त्यातून काही ठरले, तरच तो खरा.

शेततळ्यांचा नाजूक प्रश्न

आज ज्या विषयावर समित्या बोलण्यास कचरतात तो विषय शेततळ्यांचा आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर महाराष्ट्रात शेततळ्यांची संख्या फार वाढली. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी साठवून ते टंचाईत वापरावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू होय. २०१२ च्या दुष्काळात त्याचे मोल दिसून आले. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले तळे विहिरीच्या पंपाने भरण्याची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. जमिनीखाली झाकलेले सामाईक पाणी त्यामुळे एकाच्या तळ्यात येऊन उघड्या उन्हात पडते.

याचाही हिशेब करून पाहावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण ८ मिलिमीटरने केवळ वाफेमुळे उतरते असे धरू. मार्च ते मे या तीन महिन्यांत ही घट सुमारे ७० सेंटिमीटर होते. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्यातून त्या काळात सुमारे ६ लाख लिटर पाणी उडून जाते. अशी शंभर तळी उन्हाळाभर भरलेली असतील तर ६ कोटी लिटर, म्हणजेच ६०,००० घनमीटर पाणी नाहीसे होते. तीन हजार वस्तीच्या गावाची वर्षाची पिण्याची व घरखर्चाची गरज वर काढली होती, ती नेमकी इतकीच आहे.

ज्याची विहीर उथळ आहे व ज्याला तळे नाही, त्या लहान शेतकऱ्याची विहीर अशा वेळी आधी आटते. तो आपल्या नशिबाला दोष देतो, किंवा शेजाऱ्याशी कायमचे वैर धरतो. यातील एकही गोष्ट गावाच्या हिताची नाही. यास्तव शेततळ्याविरुद्ध बोलण्याची गरज नसून त्याच्या वापराचे नियम ग्रामसभेत ठरविण्याची गरज आहे. तळे शक्यतो पावसाळ्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरावे. विहिरीतून भरावयाचे झाल्यास ते केव्हापर्यंत चालेल याची मुदत असावी. पाण्यावर सावलीची जाळी टाकता येते काय ते पाहावे. आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळील उपसा थांबवावा. समितीचे सभासद स्वतः तळ्यांचे मालक असतील तर त्यांनी आपल्या तळ्याचा हिशेब सर्वांत आधी सांगावा.

ऋतुमानाप्रमाणे निवेदन

ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका होतात. त्यांचा उपयोग करून घेऊन निवेदनाची वेळ शेतीच्या ऋतुमानाशी जुळवावी.

मृग नक्षत्रापूर्वी बांध, सांडवे व चर यांची पाहणी करून दुरुस्तीची यादी वाचावी आणि प्रत्येक कामापुढे माणसाचे नाव लिहावे. श्रावण-भाद्रपदात पहिल्या मोठ्या पावसानंतर गावकऱ्यांसह शिवारफेरी काढावी. बसून ऐकलेल्या दहा भाषणांपेक्षा भरलेल्या नालाबांधाच्या काठी उभे राहून झालेले बोलणे अधिक टिकते. दसरा-दिवाळीच्या सुमारास, रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वी, पाण्याचा ताळेबंद मांडावा. हीच बैठक सर्वांत महत्त्वाची; पेरणी झाल्यावर पाण्याचा हिशेब सांगणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणे होय. संक्रांतीनंतर विहिरींची पातळी पुन्हा सांगून उन्हाळ्याचे नियोजन करावे.

यासाठी साधने थोडी लागतात. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, गावातील आठ-दहा ठरलेल्या विहिरी, दोरीला बांधलेले वजन व मोजपट्टी, आणि मारुतीच्या पारालगत एक काळा फळा पुरेसा आहे. विहिरीचे पाणी परसांत सांगण्याची रीत जुन्या माणसांना ठाऊक असते. फळ्यावर मीटरबरोबर परसही लिहावेत. मोजणीचे काम शाळेतील मोठ्या मुलामुलींवर शिक्षकांच्या देखरेखीखाली सोपविल्यास ते नियमित होते आणि आकडा घरोघरी पोहोचतो.

बैठकीची वेळ ठरविताना स्त्रियांचा विचार करावा. पाणी त्या भरतात, निंदणी-खुरपणी त्या करतात, शेळ्याही बहुधा त्याच राखतात. स्वयंपाकाच्या वेळी भरणाऱ्या बैठकीत त्या येऊ शकत नाहीत. चराईबंदीचा ठराव त्यांच्या गैरहजेरीत झाला, तर तो रानात पाळला जाणार नाही. भूमिहीन कुटुंबांसाठी बंद गायरानातील गवत कापून नेण्याचा हक्क, रोपवाटिकेतील वा दुरुस्तीच्या कामातील मजुरी अशी भरपाई त्याच ठरावात नमूद करावी.

कार्यकर्त्याचे कर्तव्य

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने समितीच्या वतीने बोलण्याचा मोह टाळावा. आकडे जमवून देणे, हिशेब तपासून देणे, फळा लिहिण्यास मदत करणे आणि तांत्रिक शंकेचे उत्तर देणे एवढे त्याचे काम आहे. निवेदन समितीच्या अध्यक्षाने वा सचिवानेच करावे. कार्यकर्त्याची बदली होते. समितीला त्याच गावात राहावयाचे असते.

वाद होतील, याची तयारी ठेवावी. पहिल्या बैठकीत जुन्या तक्रारी निघतात, आवाज चढतात. त्यामुळे घाबरून बैठका बंद केल्यास त्याच तक्रारी पारावर व बांधावर चालू राहतात आणि तेथे त्यांना उत्तर देणारे कोणी नसते. तक्रार वहीत लिहून घ्यावी, पुढील बैठकीच्या आरंभी ती वाचावी आणि तिचे काय झाले ते सांगावे. सलग तीन-चार बैठकांत असे घडले की गावाला बैठकीची सवय लागते.

यंदाचा पाऊस सर्वांच्या शिवारावर सारखाच पडेल असे नाही. तथापि तो किती पडला, किती मुरला आणि कोणी किती उपसला, हे सर्वांना सारखे ठाऊक असणे शक्य आहे. ज्या गावांत पाणलोट समित्या आहेत, त्यांनी येत्या दसऱ्यापूर्वी आपल्या निवेदनाची तारीख ठरवून तिची दवंडी द्यावी व फळा तयार ठेवावा. ज्या गावांत समित्या नावापुरत्या उरल्या आहेत, तेथील शेतकरी बंधू-भगिनींनी ग्रामसभेत उभे राहून हिशेब मागावा. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या विहिरींचे पाणी त्यावर अवलंबून आहे.